न मोजायची मेंढरं

अक्का गेल्याचं मला ताडकळसच्या बाजारात कळलं. एका बैलाचे दात बघत होतो. विकणारा शपथेवर शपथ घेत होता आणि माझा त्याच्यावर काडीचाही विश्वास बसत नव्हता. तेवढ्यात आमच्या गावचा कोतवाल गर्दीतून वाट काढत आला आणि माझ्याजवळ उभा राहिला. मी विचारलं, "काय रे?" तर म्हणाला, "मालक, घराकडं चला." मी बैलाचं तोंड सोडलं आणि निघालो. सकाळी निघालो तेव्हा तिचा ताप उतरला होता. पेजेत मीठ नाही म्हणून ती माझ्या बायकोवर खेकसली होती, आणि अक्का खेकसली म्हणजे ती बरी आहे, असा आमच्या घरातला हिशेब. त्या दिवशी तो चुकला...

आता महिना होऊन गेला. यमुना हे तिचं नाव, मी तिचा पाठचा भाऊ, पण अक्का ती सगळ्या पंचक्रोशीची होती. या पुरवणीच्या वाचकांपैकी जे आमच्या भागातल्या खेड्यांतून परभणीच्या हायस्कुलात गेले, त्यांना तिचा उन्हाळी वर्ग माहीत असेल. खरं तर त्यांच्यापैकीच कुणीतरी तिच्यावर लिहायला हवं. मी निजामीत उर्दूतून शिकलेला शेतकरी. मराठी धड लिहायला मला अक्कानंच शिकवलं, तेही चांगल्या मिशा फुटल्यावर, आणि माझे ऱ्हस्व-दीर्घ पाहून ती कपाळाला हात लावायची. पण तिची एक गोष्ट माझ्याशिवाय दुसरं कुणी सांगणार नाही, म्हणून लिहायला बसलो आहे.

अक्काला दिली होती वाशिमकडे, वऱ्हाडात. मेहुणे तिकडे मराठी शाळेत मास्तर होते. त्यांनी बायकोला घरी शिकवलं, सातवीच्या परीक्षेला बसवलं, आणि ती पास झाल्यावर गल्लीत पेढे वाटले म्हणून त्यांच्याच आईनं आठ दिवस अबोला धरला. पुढे मेहुणे क्षयानं गेले. मूलबाळ नव्हतं. पोलीस अ‍ॅक्शन होऊन इकडचं जरा निवळलं तेव्हा मी बैलगाडी घेऊन गेलो आणि तिला माहेरी आणलं. सोबत एक पेटी होती. उचलताना मला वाटलं भांडी असतील, निघाली सगळी क्रमिक पुस्तकं. आबा, म्हणजे आमचे वडील, तिला म्हणाले, "दोन वेळा जेव आन् देवाचं नाव घे, कुणी काही बोलणार न्हाई." यातलं पहिलं तिनं केलं.

तिकडून आलेल्या तिच्या डोळ्यांना इथली एक गोष्ट लगेच दिसली, जी आम्हाला दिसूनही दिसत नव्हती. गावची शाळा चौथीपर्यंत. पुढे परभणी. राज्य बदललं तशी हायस्कुलाची भाषा मराठी झाली, पण आमची पोरं अजून अधांतरी होती. पाढे उर्दूत पाठ, प्रार्थना मराठीत, आणि बेरजेला जमा म्हणायचं की बेरीज म्हणायचं हे मास्तरलाच ठाऊक नाही. जूनमध्ये हायस्कुलात प्रवेशाची परीक्षा व्हायची. त्यात खेड्यातलं पोर अडलं की त्याला परत चौथीत बसवायचे. ओठावर लव आलेली पोरं आपल्या धाकट्या भावाशेजारी कशी बसतील? दोन दिवस बसायची, तिसऱ्या दिवशी बैलामागे दिसायची. आबा शाळेला शेवटपर्यंत मदरसाच म्हणत. ते म्हणायचे, "मदरश्यात न जायला कारणच पायजे असतं त्याह्यला." अक्का म्हणायची, कारण आपणच हातात देतो.

म्हणून तिनं उन्हाळ्यात वर्ग काढला. चौथीची परीक्षा झाली की सुरू, हायस्कुलाची परीक्षा झाली की बंद. आधी घरी ओसरीवर बसायची, मग पोरं वाढली तशी आमच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या छपराजवळ, चिंचेच्या सावलीत. दिवस उगवता सुरू करून ऊन चटकायच्या आत सोडायचं. गणित आणि शुद्धलेखन तर होतंच, पण तिचा खरा भर दुसऱ्याच गोष्टींवर होता. बाकावर कसं बसायचं, कारण आमच्या पोरांनी बाक पाहिलेलाच नव्हता, म्हणून दोन दगडांवर फळी टाकून त्यावर ती त्यांना बसवी. घड्याळ मातीत काढून शिकवी. नाव पुकारलं की काय म्हणायचं, लघवीला कसं विचारायचं, नळ कसा बंद करायचा. नळ नव्हताच, पण चिंचेच्या एका गाठीला ती नळ म्हणे आणि पोरं इमानदारीत ती गाठ पिळत. शेवटच्या आठवड्यात आबांची टोपी घालून, पालथ्या टोपल्यावर बसून ती हेडमास्तर व्हायची आणि जुबानी, म्हणजे तोंडी, परीक्षा घ्यायची. हसला तो बाहेर. तिचा एकच कायदा होता, गप बसायचं नाही. उत्तर येत असेल तर सांगायचं, येत नसेल तर येत नाही म्हणून सांगायचं. गप बसणाऱ्याला मास्तर मठ्ठ समजतात, असं ती दिवसाआड तरी बजावायची.

गोदी या वर्गात आली ती वर्ग चांगला नावारूपाला आल्यावर. बिराजी धनगराची ही थोरली मुलगी. बिराजीचं घर आमच्याच गावचं, पण धनगर ते. दिवाळीनंतर मेंढरं घेऊन बाहेर पडायचे आणि पावसाच्या तोंडावर परत यायचे. मुलगी आजीजवळ गावात राहिली म्हणून तिची चौथी झाली, आणि झाली तीही पहिल्या नंबरानं. त्याच फाल्गुनात आजी गेली. आई ओली बाळंतीण. कळपातली कोकरं सांभाळायला गोदीशिवाय माणूस नव्हतं. आमच्या घरी तिला ठेवून घ्यायला अक्का एका पायावर तयार होती, पण मग कोकरांना कोण बघणार? पावसाळ्यात कळप गावाशी येईल, आई तोवर उठेल, मग गोदी परभणीला आमच्या मावशीकडे राहून शिकेल, इथवर सगळं जुळत होतं. अडत होता तो फक्त उन्हाळा.

अक्का माझ्याबरोबर ताडकळसच्या बाजारात आली आणि बिराजीला गाठलं. उन्हाळ्यात शेतकरी धनगराला बोलावून रात्री आपल्या रानात मेंढरं बसवून घेतात. भोवती जाळीची वाघूर लावायची, लेंड्यांचं खत रानाला मिळतं, धनगराला धान्य. अक्काचं म्हणणं इतकंच होतं की यंदा लांब जाऊ नका, आमच्या शिवारातच या रानातून त्या रानात फिरत राहा. शेतकऱ्यांना तयार करायचं काम माझं. म्हणजे माझ्यावर हे काम टाकलं आहे, हे मला त्या बाजारातच कळलं.

बिराजी दाढी खाजवत म्हणाला, "अक्का, चैतात जमंल. पर वैशाखात हितं जनावराला खायाला काय हाय? आमी गंगेच्या काठाला जातो ते काय हौसंनं?" गंगा म्हणजे आमच्याकडे गोदावरी.

"एकच उन्हाळा, बिराजी."

"पोरगी लय हुशार हाय म्हणता?"

"माझ्यापेक्षा," अक्का म्हणाली. अक्काच्या तोंडून असं कुणाबद्दल मी आधी ऐकलं नव्हतं, नंतरही नाही.

तो राहिला. चैत्र चांगला गेला. गोदी पहाटेच कोकरं मोकळी करून, त्यांना आपल्या आईच्या नजरेखाली सोडून धावत यायची. अंगाला लोकरीचा वास, केसांत काड्या, आणि आवाज असा की तिनं 'हजर' म्हटलं की चिंचेवरचे पक्षी उडायचे. रानातून रानात हाका मारायची सवय. अक्का म्हणायची, "गोदे, मी हितंच बसलेय, नदीपल्याड न्हाई." पोरं हसायची, गोदी सगळ्यांत मोठ्यानं हसायची. तिचं गणित बघून मात्र कुणी हसत नसे. तोंडी हिशेब अक्काचं वाक्य पुरं व्हायच्या आत.

वैशाख आला. शिवारातल्या सगळ्या रानांत मेंढरं बसवून झाली, लोकांनी वखर घातले. उरलं आमचं एक रान, आखाड्याजवळचं, तिथे दुसऱ्यांदा वाघूर लागली. आबा चिडले, रानात एवढं खत झालं तर पीक करपेल म्हणाले, आणि ते काही खोटं नव्हतं. मेंढरांना मात्र खायला काही उरलं नव्हतं. धसकटं संपली, बाभळीच्या शेंगा संपल्या. बिराजी झाडांवर चढून डहाळ्या तोडायचा. मेंढ्यांच्या पाठीची हाडं लोकरीवरूनही दिसायला लागली. तो दोनदा अक्काकडे येऊन गेला. अक्का दोन्ही वेळा म्हणाली, परीक्षेपर्यंत थांबा. तिलाही दिसत नव्हतं असं नाही. तिला गोदी जास्त दिसत होती.

परीक्षेला मी सगळ्या पोरांना गाडीत घालून परभणीला नेलं. लेखी झालं, दुसऱ्या दिवशी तोंडी. परीक्षेचे मास्तर तसे भले गृहस्थ होते, त्यांनी अक्काला दाराशी बसू दिलं. मी बाहेर खिडकीशी. आमची पोरं एकेक करून आत जात होती आणि बाकावर बसत होती ती अशी, की जन्मापासून बाकावरच बसत आली आहेत. गोदी गेली. मास्तरांनी नाव विचारलं, बापाचा धंदा विचारला, आणि ती धनगराची म्हटल्यावर त्यांना बहुधा वाटलं की हिला सोपं काहीतरी विचारावं. म्हणाले, "अरे वा! मग सांग, तुमच्या घरी मेंढरं किती?"

गोदी गप्प.

शेतकरी वाचकांना सांगायला नको, पण शहरातल्यांसाठी सांगतो. धनगर आपल्या कळपाचा आकडा परक्याला सांगत नाही. घरातसुद्धा मोठ्यानं मोजत नाहीत, तोंडं बघून ओळखतात कुठली आली, कुठली राहिली. आकडा बाहेर फुटला की कळपाला नजर लागते, कळप बसतो, म्हणजे मरायला लागतो. हे गोदीला कुणी शिकवलं नव्हतं, चालायला जसं कुणी शिकवत नाही तसं. मास्तर बिचारे परगावचे. त्यांनी परत विचारलं. "बरं, त्यातली निम्मी विकली तर किती राहतील?" विकण्याचं नाव काढल्यावर तर तिनं मानच खाली घातली. मास्तर शेजारच्याला म्हणाले, "हिला मोजता येत नाही वाटतं."

अक्का दारातून म्हणाली, "साहेब, तिला दुसरं काही विचारा, आंबे विचारा."

"बाई, मध्ये बोलायचं नाही," मास्तर म्हणाले, आणि त्यांचंही बरोबरच होतं.

गोदीनं मान वळवून अक्काकडे पाहिलं. मला अक्काचा चेहरा खिडकीतून दिसत होता. तिनं नळापासून घड्याळापर्यंत सगळं शिकवलं होतं आणि हे शिकवायचं राहिलं होतं. ती म्हणाली, "सांग, गोदे." मग ती दांडग्या आवाजाची पोरगी उठून मास्तरांच्या टेबलाजवळ गेली आणि इतक्या हळू बोलली की मास्तरांना कानामागे हात धरावा लागला. मला खिडकीत ऐकू आलं. तो आकडा मी आजवर कुणाला सांगितला नाही, इथेही लिहिणार नाही. त्यानंतर मास्तरांनी तिला निम्मे, पाव, बेरीज, व्याज, काय काय विचारलं आणि तिनं धडाधड उत्तरं दिली. मास्तर शेवटी हात जोडून हसले. गोदी पास झाली, आमच्या गावातून पहिली आली. परतताना गाडीत सगळी पोरं गात होती आणि ही एकटी पुढे, गाडीच्या धुरीकडे तोंड करून बैलांच्या पाठी बघत बसली होती.

हायस्कूल उघडलं. मावशीचे निरोप येत, पोरगी चांगली आहे, झोपेत कोकरांना हाका मारते. इकडे आषाढात झड लागली, सूर्य दिसेना. भरल्या अंगाची मेंढी असल्या झडीत तग धरते. बिराजीच्या मेंढ्यांच्या अंगात काही उरलंच नव्हतं. खोकायला लागल्या, पाय सुजले, बसलेल्या उठेनात. मी रोज सकाळी जायचो. बिराजी आणि त्याचा भाऊ मेलेली ओढून ओढ्याच्या कडेला नेत, आणि परत येईतो नवी पडलेली असत. झड उघडली तेव्हा वाघूर मोकळीच होती, आत ठेवायला काही राहिलं नव्हतं. आमच्या त्या रानातली ज्वारी मात्र हातभर वर आली होती, काळीशार. तिच्याकडे पाठ करून मी घरी आलो.

गोदी श्रावणात सुट्टीला म्हणून आली, ती राहिलीच. बिराजीनं खडीच्या कामावर जायचं ठरवलं होतं, बायकोही जाणार होती, तान्ह्याला बघायला गोदी हवी होती. अक्का त्यांच्या खोपटावर गेली. मी सोबत होतो. अक्का उभ्यानंच बोलली. "बिराजी, तुमची मेंढरं माझ्यामुळं मेली. तुम्ही जातो म्हणत होता, मी अडवून ठेवलं. उपाशी मारली मी त्यांना. मला काय बोलायचं ते बोला, पण पोरीला शाळेतून काढू नका."

बिराजी खाली बघत ऐकत होता. तो काय बोलला असता कोण जाणे... तेवढ्यात मागून गोदी म्हणाली, "न्हाई बा. म्या आकडा सांगितला." पाळण्याची दोरी तिच्या हातातच होती. "परभणीला साहेबानं इचारलं आन् म्या सांगून बसले. म्हणून बसली मेंढरं."

बिराजीनं डोळे मिटून घेतले. मग अक्काला म्हणाला, "अक्का, तुमी कशाला मनाला लावून घेता? आमच्या घरातूनच फुटलं. तुमच्याकडं बोट न्हाई." अक्कानं तिला परोपरीनं सांगितलं, आकड्यानं कधी जीव जात नाही, उपासानं जातो. गोदी पाळणा हलवत राहिली. परत येताना वाटेत अक्का मला म्हणाली, "एवढी हुशार पोर, आन् तिच्या डोक्यातून तेवढं मी काढू शकले न्हाई." ती रडत होती. मी तिला रडताना फक्त मेहुण्यांच्या वेळी पाहिलं होतं.

पुढच्या चैत्रात तिनं वर्ग भरवला. मला वाटलं होतं भरवणार नाही. गावात कुणी तिला दोष दिला नाही, कारण मेंढरं कशानं मेली याचं उत्तर गावाकडे तयार होतं, आणि पोरं नेहमीसारखी आली. दरवर्षी आली. त्यांतले कुणी आज तहसिलीत आहेत, कुणी मास्तर झाले, दोन मुली नर्सा झाल्या. पण अक्का नंतर पोरांची मोजणी कधी करत नसे, एकेकाचं नाव घेऊन बघे. असं का, ते विचारायची आम्हाला हिंमत नव्हती. आणि उन्हाळ्यात रस्त्यानं कळप चालला की ती वर्ग तसाच टाकून उठायची, बांधापर्यंत जायची, कोण कुठला धनगर असेल त्याला विचारायची, बिराजीची गोदी कुठं हाय, बरी हाय का. कुणी सांगे, लग्न झालं. कुणी सांगे, देवगाव फाट्याकडं दिली. तेवढं ऐकून ती परत येऊन बसायची.

तेराव्याला पुष्कळ माणसं आली. परभणीहून आली, जी पूर्वी चिंचेची गाठ पिळायची ती धोतर-कोट घालून आली. गोदी आली ती सगळं उरकल्यावर, चार दिवसांनी, कडेवर मूल घेऊन. विशीतली असेल, दिसायला थोराड. धनगरांकडून धनगरांकडे बातमी जात जात तिच्यापर्यंत पोचली होती. माझ्या बायकोनं चहा दिला, तो तिनं बशीत ओतून मुलाला पाजला. मला वाटलं, अक्काचं राहून गेलेलं एक काम तरी आपण करावं. म्हणालो, "गोदे, अक्का मरेपर्यंत म्हणायची, आकड्यानं काही झालं नाही. तू मनात ठेवू नकोस."

तिनं माझ्याकडे पाहिलं. "मामा, मी कवा ठेवलं मनात? मेंढरं उपाशी मेली. सकाळी वाघूर उघडून मीच सोडायची न्हाई का त्यास्नी? माती चाटायची ती. मला म्हाईत नसंल व्हय?"

"मग त्या दिवशी तसं का बोललीस?"

"अक्का सगळं स्वतःवर घ्यायल्या हुत्या. बा गपच हुता. त्यानं एकदा व्हय म्हटलं असतं तर..." तिनं मुलाचं तोंड पदरानं पुसलं. "तर अक्कानं फिरून साळा भरवली असती का?"

तिला संध्याकाळच्या आत परतायचं होतं. बायकोनं तिला खणनारळ दिला आणि वेशीपर्यंत सोडायला गेली. मी ओसरीवरच बसून राहिलो. अक्काच्या खोलीचं दार उघडं होतं, तिची खाट भिंतीला उभी करून ठेवली होती. "अक्का, ऐकलंस का," असं मी म्हणालो, आणि चांगलं मोठ्यानं म्हणालो असेन, कारण वेशीवरून परत आलेल्या बायकोनं दारातूनच विचारलं, कुणाशी बोलताय म्हणून.